गाणे आमचे, पडदा कोणाचा?

गेल्या वर्षी पावसाळ्यात कल्याण कोर्टाजवळच्या आमच्या कार्यालयात एक बाप आणि त्याची १९ वर्षांची लेक आली. बाप रंगकाम करतो आणि एका गायन पार्टीत ढोलकी वाजवतो. लेक गाते. १४ एप्रिलला, बुद्धपौर्णिमेला, नामांतर दिनाला, कोणाच्या घरी नामकरण किंवा पुण्यानुमोदन असेल तर तिथेही. एका दूरचित्रवाणी वाहिनीच्या गाण्याच्या कार्यक्रमासाठी तिची निवड झाली होती. बापाने पिशवीतून इंग्रजी कराराची चौदा पाने काढली, टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "जयभीम साहेब. सही कुठं कुठं करायची तेवढं दाखवा. उद्या सकाळी नेऊन द्यायचंय."

आम्ही म्हटले, "दाखवतो, पण आधी वाचू तर द्या."

वाचायला तासभर लागला. तिचे गाणे, तिचा चेहरा, तिची तालीम, पडद्यामागचे तिचे हसणे-रडणे, सगळे कंपनीचे. किती काळ? कायमचे. कोठे? अखिल विश्वात. कोणत्या माध्यमात? आज असलेल्या आणि पुढे निघतील त्या सर्व. मोबदला काय? मिळणारी प्रसिद्धी हाच मोबदला. गाणे कापायचे, जोडायचे, कसेही वापरायचे, तो अधिकार कंपनीचा. गाणारीचे नाव दाखवायचे की नाही, तेही कंपनीच ठरवणार. शिवाय तोंडी एक सूचना आधीच आली होती. निवडीच्या वेळी तिने बाबासाहेबांवरचे गाणे म्हटले होते आणि ते सर्वांना आवडलेही होते. पण प्रत्यक्ष कार्यक्रमात 'सगळ्यांना चालेल असे एखादे लोकगीत' घ्यावे, असे तिला सांगण्यात आले.

म्हणजे बाबासाहेबांवरचे गाणे हे लोकांचे गीत नव्हे!

वाचकहो, टीव्हीवरील गाण्याच्या कार्यक्रमांविषयी आपल्या वस्त्यांत दोन प्रकारची बोलणी ऐकू येतात. एक, 'आपल्या पोरांना तिथे घेतच नाहीत.' दुसरे, 'आपला पोरगा टीव्हीवर गायला, समाजाचे नाव झाले.' दोन्हींत तथ्य आहे. पण दोन्ही अर्धीच आहेत. पडद्यावर कोण आले, हा पहिला प्रश्न झाला. पडदा कोणाचा, खर्च कोण करतो, झालेले चित्रीकरण कोणाच्या कपाटात जाते आणि त्याचा पैसा कोणाच्या खिशात जातो, हे त्यापुढचे प्रश्न. ते आपण विचारतच नाही. ज्यांनी ते विचारले, त्यांचा इतिहास आपल्याला माहीत असला पाहिजे.

हा इतिहास अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा आहे. त्यांचे आणि आपले नाते नवे नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस या काळ्या विचारवंताला पत्र लिहिले. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती ब्लॅक पँथरचे नाव घेऊनच. तेव्हा त्यांच्या अनुभवातून शिकण्यात कमीपणा कसला?

अमेरिकेत दूरचित्रवाणी नवी होती, तेव्हा १९५० च्या जुलैमध्ये हेझल स्कॉट या काळ्या पियानोवादक गायिकेला ड्युमाँट वाहिनीवर स्वतःच्या नावाचा कार्यक्रम मिळाला. राष्ट्रीय वाहिनीवर असा मान मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. पण तो काळ कम्युनिस्टांच्या शोधमोहिमेचा होता. संशयितांच्या यादीत तिचे नाव छापले गेले. २२ सप्टेंबरला ती संसदीय समितीसमोर स्वतः गेली, आरोप नाकारले आणि अशा याद्यांचा निषेध केला. आठवडाभरात तिचा कार्यक्रम बंद झाला. आज त्या कार्यक्रमाचे एकही चित्रीकरण उपलब्ध नाही. बाई पडद्यावर आली, गायली, आणि तिचा पुरावाही उरला नाही.

नॅट किंग कोलची गोष्ट आणखी बोलकी आहे. त्याच्या तबकड्या लाखांनी खपत, गोऱ्यांच्या घरांतही वाजत. असा हा गायक १९५६ च्या एप्रिलमध्ये अलाबामातील बर्मिंगहॅम येथे मंचावर गात असताना वर्णद्वेष्ट्या गोऱ्यांनी त्याच्यावर हल्ला केला. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला एनबीसी या बड्या वाहिनीवर त्याचा कार्यक्रम सुरू झाला. सुरुवातीला पंधरा मिनिटांचा, पुढे अर्ध्या तासाचा. एला फिट्झगेराल्ड, हॅरी बेलाफाँटे यांच्यासारखे मोठे कलावंत मैत्रीखातर नाममात्र मानधनावर येऊन गायले. प्रेक्षक होते, गाणे होते, वाहिनीही तयार होती. नव्हता तो राष्ट्रीय पातळीवरचा प्रायोजक. काळ्या माणसाच्या नावाशी आपला माल जोडला तर दक्षिणेकडील गोरी गिऱ्हाइके नाराज होतील, ही कंपन्यांची भीती. १७ डिसेंबर १९५७ रोजी कार्यक्रम संपला. वाहिनी चालू ठेवायला तयार असताना कोलनेच तो थांबवला आणि दोष जाहिरातदारांना दिला. त्याला मंचावर येऊ नको असे कोणी म्हटले नव्हते. फक्त पैसे कोणी दिले नाहीत. बहिष्काराची ही रीत आपल्याला काही नवी नाही.

पण प्रत्यक्ष गाणे थेट घराघरांत पोहोचले तर त्यात किती ताकद असते, हेही तिथेच दिसले. ४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. शहरे पेटू लागली. दुसऱ्या दिवशी बॉस्टनमध्ये जेम्स ब्राऊन यांचा कार्यक्रम आधीच ठरलेला होता. महापौर केव्हिन व्हाइट यांच्यापुढे पेच पडला. रद्द करावा तर संतापलेले तरुण रस्त्यावर. होऊ द्यावा तरी धोका. शेवटी तो डब्ल्यूजीबीएच या स्थानिक सार्वजनिक वाहिनीवरून थेट दाखवायचे ठरले. पण गाणे घरबसल्या फुकट दिसणार म्हटल्यावर लोक तिकिटे परत करू लागले. तेव्हा जेम्स ब्राऊन यांनी नुकसानभरपाई म्हणून ६० हजार डॉलरची हमी मागितली. आम्हाला ही मागणी फार महत्त्वाची वाटते. नेत्याचा खून झालेला, समाज शोकात, आणि गायक पैशाचे बोलतो? होय, बोलतो. कारण त्याच्या वादकांना घरी चुली आहेत. ते गायले. तरुण मंचावर चढू लागले तेव्हा त्यांनी पोलिसांना मागे सारून स्वतः त्यांना शांत केले. त्या रात्री इतर शहरांच्या मानाने बॉस्टन शांत राहिले.

पुढच्याच वर्षीची गोष्ट हार्लेमची. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, त्याला लागूनच ही काळ्यांची वस्ती आहे. १९६९ च्या उन्हाळ्यात तिथल्या उद्यानात सहा रविवार संगीत महोत्सव झाला. स्टीव्ही वंडर, निना सिमोन, महालिया जॅक्सन, बी. बी. किंग गायले. मिळून सुमारे ३ लाख लोक आले. बंदोबस्ताला ब्लॅक पँथरचे कार्यकर्ते उभे होते. हॅल टुल्चिन नावाच्या दिग्दर्शकाने सुमारे ४० तासांचे चित्रीकरण केले. त्यातले थोडे तुकडे त्या वर्षी टीव्हीवर दाखवले गेले. बाकीचे घ्यायला कोणी तयार झाले नाही. त्याच उन्हाळ्यात, न्यूयॉर्कच्याच राज्यात, बहुतांशी गोऱ्या तरुणांचा वुडस्टॉक महोत्सव झाला. त्याचा चित्रपट १९७० मध्ये आला, त्याला ऑस्कर मिळाला आणि वुडस्टॉक जगाच्या तोंडी झाले. हार्लेमच्या फिती मात्र सुमारे ५० वर्षे तळघरात पडून राहिल्या. २०२१ साली त्यांतून 'समर ऑफ सोल' हा माहितीपट निघाला आणि २०२२ मध्ये त्यालाही ऑस्कर मिळाले. टुल्चिन २०१७ मध्येच वारले होते. गाणे तेच, दर्जा तोच. फक्त अर्ध्या शतकाचा उशीर! ज्यांनी ते उद्यानात बसून ऐकले, त्यांतले किती जण पडद्यावर पाहायला उरले असतील?

या सगळ्याला उत्तर दिले ते डॉन कॉर्नेलियस यांनी. शिकागोतील एका लहान स्थानिक वाहिनीवर १७ ऑगस्ट १९७० रोजी त्यांनी 'सोल ट्रेन' हा कार्यक्रम सुरू केला. काळे गायक, काळे नाचणारे तरुण, काळा निवेदक. ऑक्टोबर १९७१ पासून तो देशभरच्या वाहिन्यांना विकला जाऊ लागला. नॅट किंग कोलला जो प्रायोजक मिळाला नव्हता तो कॉर्नेलियसना मिळाला, कारण तो त्यांच्याच समाजातला होता. काळ्यांच्या केसांसाठी प्रसाधने बनवणारी जॉन्सन प्रॉडक्ट्स ही शिकागोचीच, काळ्या मालकाची कंपनी. खरे सांगायचे तर या कार्यक्रमात बहुतेक कलावंत ध्वनिमुद्रित गाण्यावर ओठच हलवत. जेम्स ब्राऊन यांच्यासारखे काहीच प्रत्यक्ष गात. पण कार्यक्रमाची मालकी कॉर्नेलियस यांची होती. म्हणून तो २००६ पर्यंत चालला, ११०० हून अधिक भाग झाले, आणि ते जपले कोणी, विकले कोणी, हे ठरवायला दुसऱ्याच्या दारात जावे लागले नाही.

आता आपल्याकडे पाहू. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. त्याच वर्षी, त्याच शहरात दलित पँथर जन्मली. पण पँथरच्या पिढीचे गाणे वाढले ते पडद्याबाहेर. त्याआधीचे आंबेडकरी जलसे, नंतरच्या गायन पार्ट्या, कव्वालीचे सामने, मग कॅसेट. चौकात मंडप, पहाटेपर्यंत गाणे, समोर बाया-माणसे, मांडीवर पेंगणारी पोरे. याहून जिवंत संगीत कोणते? वामनदादा कर्डक, श्रावण यशवंते, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांना कोणत्या परीक्षकाने गुण दिले होते? त्यांना समाजाने निवडले होते. विठ्ठल उमप यांचा शेवट तर आपण विसरूच शकत नाही. २६ नोव्हेंबर २०१० रोजी, नागपूरच्या दीक्षाभूमीवर, लॉर्ड बुद्धा टीव्ही या वाहिनीच्या उद्घाटनाच्या कार्यक्रमात व्यासपीठावरच त्यांनी प्राण सोडला. आपला पडदा असावा, ही आस त्या म्हाताऱ्या शाहिराला तिथवर घेऊन गेली होती.

पण पडदा आपला झाला म्हणजे सगळे झाले काय? इथे आपल्याला आरशात पाहावे लागेल. जयंतीच्या फलकावर पुढाऱ्यांचे वीस फोटो असतात, गायकाचे नाव खाली बारीक अक्षरात, कधी तेही नाही. आपल्यातलेच काही जण रात्रभर कॅमेरा लावून कार्यक्रम चित्रित करतात, दुसऱ्या दिवशी स्वतःच्या नावाने इंटरनेटवर टाकतात, जाहिरातीचे पैसे घेतात. आणि गायकाला हातात पडते ते ठरलेल्या बिदागीच्या अर्धे आणि एक शाल. जे प्रस्थापितांनी केले तेच आपण केले, तर त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला राहील काय?

म्हणून कायदा काय म्हणतो ते समजून घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने 'परफॉर्मर' म्हणजे प्रत्यक्ष कला सादर करणाऱ्याचा स्वतंत्र हक्क आला. या व्याख्येत गायक-वादक आहेत, नट-नर्तक आहेत, तसेच कसरत करणारा डोंबारी, जादूगार आणि साप खेळवणारा गारुडीही आहे. ज्यांना या व्यवस्थेने गावकुसाबाहेर ठेवले, त्यांचे नाव कायद्याच्या पानावर हक्कदार म्हणून आले, हे लक्षात ठेवा. आणि सादरीकरण म्हणजे काय, तर जे 'लाइव्ह', प्रत्यक्ष केले जाते ते. म्हणजे मंडपातले गाणेही त्यात आले. हा हक्क ५० वर्षे टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ३८-ए प्रमाणे तुमच्या गाण्याचे ध्वनिमुद्रण किंवा चित्रीकरण करण्याचा आणि ते प्रसारित करण्याचा अधिकार मुळात तुमचा आहे. चित्रीकरणाला तुम्ही लेखी संमती दिली की निर्मात्याला ते वापरता येते. पण त्याचा व्यापारी वापर झाला तर रॉयल्टीचा हक्क तुमच्याकडे राहतो, असे त्याच कलमाच्या परंतुकात म्हटले आहे. 'प्रसिद्धी हाच मोबदला' ही भाषा या परंतुकाशी जुळत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कलम ३८-बी त्याहून मोलाचे. हक्क विकून टाकले तरीही गाणाऱ्याचे नाव मागण्याचा हक्क उरतो, आणि गाण्याची मोडतोड करून कोणी त्याची बदनामी केली तर दाद मागता येते. मात्र एक खाच आहे. चित्रीकरणात एखाद्याचा सहभाग केवळ प्रासंगिक असेल आणि धंद्याच्या रूढीप्रमाणे श्रेयनामावलीत त्याचे नाव येत नसेल, तर तो परफॉर्मर म्हणून धरला जात नाही. मोडतोडीविरुद्धचा हक्क तेवढा त्याला राहतो. तेव्हा कोरसवाल्यांनो, खंजिरीवाल्यांनो, नावाचा आग्रह धरा. नाव ही हौस नाही, तो पुरावा आहे.

कलम १९ प्रमाणे हक्क द्यायचे तर ते लेखीच द्यावे लागतात, आणि कलम ३९-ए मुळे हा नियम गायकाच्या हक्कालाही लागू आहे. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच कंपन्या 'कायमचे' आणि 'अखिल विश्वात' असे लिहून घेतात. त्यांचे वकील कायदा वाचून लिहितात. आपण न वाचता सही करतो, एवढाच फरक.

आणि कवींचे काय? गीतकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. वामनदादा १५ मे २००४ रोजी गेले. म्हणजे जी गीते त्यांनी लेखी विकलेली नसतील, त्यांचे हक्क २०६४ च्या अखेरपर्यंत वारसांचे आहेत. टीव्हीवर, कॅसेटवर, मोबाइलवर ती गीते वाजतात, तेव्हा हा प्रश्न कोणी विचारतो काय? गीतकार-संगीतकारांसाठी आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून आहे. गायकांसाठी इस्रा २०१३ मध्ये नोंदली गेली. आपल्या किती कवी-गायकांनी तिथे नाव नोंदवले, याची चौकशी प्रत्येक गायन पार्टीने स्वतःपासून करावी.

आता त्या मुलीचे काय झाले ते सांगतो. आम्ही करारात तीन बदल सुचवले. वाहिनीकडून उत्तर आले, 'सगळे अशीच सही करतात.' संधी जाईल म्हणून बाप घाबरला. मुलीने सही केली. निर्णय तिचा होता, आम्ही तिला दोष देत नाही. उपाशी माणसाला ताटाच्या अटी वाचायला सांगणे सोपे असते. ती गायली, आणि फार सुरेख गायली. दाखवताना मात्र गाणे अर्ध्यावर आले आणि वस्तीतली गळकी खोली, बापाचे रंगाने माखलेले हात सावकाश दाखवले गेले. पुढे तोच तुकडा इंटरनेटवर आला. मथळा होता, 'रंगकाम करणाऱ्याच्या मुलीने सर्वांना रडवले.' तिचे नाव कोठेही नव्हते. गरिबी दाखवली, गरिबाचे नाव दाखवले नाही.

आम्ही कलम ३८-बी खाली नोटीस पाठवली. बावीस दिवसांनी मथळ्यात तिचे नाव आले. पैसा आलेला नाही. त्याचा पत्रव्यवहार चालू आहे. पण त्या दिवशी बाप पेढे घेऊन आला. आम्ही म्हटले, "अहो, अजून काही मिळालेलं नाही." तो म्हणाला, "नाव आलं ना साहेब. आता गाणं तिचं आहे हे कोणाला नाकारता येणार नाही."

तेव्हा आपले काम स्पष्ट आहे. मुलांना टीव्हीवर जाऊ द्या, जरूर जाऊ द्या. घाबरून घरी बसवू नका. पण करार आधी आपल्या वकिलाला दाखवा. आपल्या समाजात आज तालुक्या-तालुक्याला वकील आहेत. या कामाचे पैसे घेऊ नका, अशी आमची त्यांना विनंती आहे. जयंती मंडळांनी गायकाशी एक पानाचा का होईना, मराठीत करार करावा: बिदागी किती, चित्रीकरण कोण करणार, ते कोठे टाकणार, पैसे आले तर वाटा किती. जुन्या गायकांच्या कॅसेट, घरगुती चित्रीकरणे, वह्या ज्यांच्या घरी असतील त्यांनी त्यांच्या प्रती करून ठेवाव्यात. हार्लेमसारखी ५० वर्षे वाट पाहायला आपल्याकडे तळघरेही नाहीत, पावसात भिजणारे पोटमाळे आहेत.

बाबासाहेबांनी आपल्याला शिका म्हटले, ते नुसती सही करता यावी एवढ्यासाठी नव्हे. आपण कशावर सही करतो आहोत, ते वाचता यावे म्हणून.

जयभीम!